दिवसा कंपनीची बिलं, रात्री स्वतःची चित्रं

पत्र

ताई, मी २९ वर्षांची आहे. एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करते. बिलं तपासायची, थकबाकीचा पाठपुरावा करायचा, महिनाअखेरीला खाती जुळवायची, हे माझं रोजचं काम. चित्रं काढणं मात्र लहानपणापासून चालू आहे. गेल्या वर्षी एका प्रकाशकांनी मुलांच्या पुस्तकासाठी मुखपृष्ठ आणि आतली १४ चित्रं सांगितली. ‘मानधनाचं नंतर बघू’ म्हणाले, मीही हो म्हटलं. दुरुस्त्या संपता संपेनात. शेवटी हातात आलेला आकडा घरी सांगायचीही लाज वाटली. आता पाहते तर तीच चित्रं वह्यांवर आणि पिशव्यांवर छापलेली. मला कुणी विचारलंही नाही. माझ्या चित्रकलेच्या सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, ‘बाजाराच्या नादी लागलीस की हात बिघडतो.’ एक मित्र म्हणतो, ‘तू फक्त चित्रं काढ, बाकीचं मी बघतो, निम्मे-निम्मे.’ नोकरी सोडावी असं रोज वाटतं आणि रोज भीतीही वाटते. मला व्यवहार जमत नाही. कलाकाराला तो जमायलाच हवा का?

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

‘मला व्यवहार जमत नाही’ हे तुझं वाक्य मला पटलेलं नाही. त्याच पत्रात तू लिहितेस की थकबाकीचा पाठपुरावा करणं हे तुझं रोजचं काम आहे. कंपनीचे पैसे अडकले की तू फोन करतेस, तारीख मागतेस, तारीख टळली की पुन्हा फोन करतेस. तेव्हा तुला संकोच वाटत नाही. स्वतःच्या चित्राचे पैसे मागायची वेळ आली की मात्र जीभ अडखळते. तुला व्यवहार चांगला जमतो. चित्रांच्या बाबतीत तो वापरायचा नाही, असं तू कधीतरी ठरवून टाकलं आहेस. त्यामागे सरांचं ते वाक्य असावं, म्हणून आधी त्याविषयी बोलते.

सरांची काळजी खोटी नाही. बाजारामुळे हात बिघडलेले चित्रकार मी पाहिले आहेत. बरीच वर्षं मी चित्रकारांकडून पुस्तकांची कामं करून घेणाऱ्यांच्या बाजूला होते, तेव्हा हे जवळून दिसलं. पण बिघाड नेमका कुठून सुरू होतो, ते बघ. ज्याला आकडा सांगता येत नाही, त्याला समोर येईल ते काम घ्यावं लागतं. मग एका महिन्यात तीन पुस्तकं उरकायची, गेल्या वेळी आवडलेला चेहराच पुन्हा काढायचा, पार्श्वभूमी भराभर रंगवून मोकळं व्हायचं. ही घाई हात बिघडवते आणि ती बहुतेक वेळा कमी पैशातून येते. चांगलं मानधन घेणाऱ्या चित्रकाराला एका चित्रापाशी थांबता येतं, रंग वाळू देता येतो, नको असलेलं काम नाकारता येतं.

हा पेच आजचाही नाही. आल्ब्रेख्ट ड्युरर हा जर्मन चित्रकार (१४७१–१५२८) याकोब हेलर नावाच्या व्यापाऱ्यासाठी चर्चच्या वेदीवरचं मोठं चित्र रंगवत होता. ठरलेल्या रकमेपेक्षा किती तरी जास्त कष्ट त्यात गेले. १५०९ साली त्याने हेलरला चिडून लिहिलं की यापुढे मी माझं कोरीवकामच धरून बसणार, आधीपासून तसं केलं असतं तर आज हजार गिल्डरनी (ही त्या काळची नाणी) श्रीमंत असतो. त्याच्या लाकडी ठशांच्या आणि तांब्याच्या पत्र्यांच्या छापांना तेव्हा दूरदूरच्या जत्रांमध्ये गिऱ्हाईक होतं, आणि त्याची बायको आग्नेस स्वतः ते विकायला जायची. एकदा कोरलेला पत्रा पुन्हा पुन्हा छापता येतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बहुतेक छापांवर त्याच्या नावाच्या आद्याक्षरांची ‘एडी’ ही खूण असायची आणि दुसऱ्याने तिची नक्कल केली तर तो गप्प बसत नसे. त्याने हिशेब ठेवला म्हणून त्याच्या रेषेला कुणी कमी लेखल्याचं मी तरी वाचलेलं नाही. हे सरांना आदराने सांग. आणि एक चित्रवही अशी ठेव, जी कधीही विकायची नाही, कुणाला दाखवायचीही नाही. सरांच्या काळजीचा मान त्या वहीने राहील.

काय काढायचं हा निर्णय चित्रकाराचा. काढलेलं कोणत्या अटींवर द्यायचं, हा हिशेब विभागातल्या बाईचा. दोन्ही तूच आहेस, पण हे दोन निर्णय एकाच बैठकीत घेऊ नकोस. रात्री रंगवून झाल्यावर, चित्र डोळ्यांसमोर असताना दर ठरवायला बसलीस, तर दर हमखास कमी लागणार. त्या वेळी आपल्याला फक्त ते कुणीतरी छापावं एवढंच हवं असतं.

तर दर. तुझ्या पेशाला साजेसा हिशेब मांडू. समजा, तुझा वर्षाचा घरखर्च १०० आहे. नवशिका चित्रकार मनात काय करतो? वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ४० तास, म्हणजे २०८० तास. १०० ला २०८० ने भागायचं आणि आलेला आकडा तासाचा दर समजायचा. आता खरा हिशेब कर. सुट्ट्या आणि आजारपणाचे सहा आठवडे वजा केले की उरतात ४६. आठवड्याचे ४० तास काही कुंचला हातात नसतो. ईमेल, फोन, नाकारली गेलेली रेखाटनं, स्कॅन, फायली तयार करणं, बिलं, नवं काम शोधणं यांत निम्मा वेळ सहज जातो. म्हणजे पैसे मिळवून देणारे तास आठवड्याला २०, वर्षाला ९२०. खर्चही नुसता १०० नाही. कागद, रंग, संगणक, सॉफ्टवेअर, त्यांची दुरुस्ती, विमा, कर आणि काम नसलेल्या महिन्यांसाठीची शिल्लक मिळून आणखी ५० धर. आता १५० ला ९२० ने भाग. हा दर पहिल्या दराच्या जवळजवळ ३.४ पट आहे. यात चैनीचा एक पैसाही नाही, हा फक्त तग धरण्याचा दर आहे. गेल्या वर्षीच्या पुस्तकाचे तास आठवून मांड आणि मिळालेल्या रकमेशी ताडून बघ. आकडा वाईट निघेल. तरी तो कागद जपून ठेव, पुढच्या वेळी आवाज कापायला लागला की तोच उपयोगी पडेल.

तासांचा दर ही तुझी खालची रेघ. प्रत्यक्षात सांगायचा आकडा त्यावर, चित्र कुठे आणि किती वापरलं जाणार यावर ठरतो. मुखपृष्ठ पुस्तक विकायला मदत करतं, म्हणून आतल्या पानाइतकेच तास लागले तरी त्याचं मानधन जास्त. एका आवृत्तीसाठी, एका भाषेसाठी, छापील पुस्तकासाठी, ई-पुस्तकासाठी, पिशव्यांसाठी, खेळण्यांसाठी असे वापराचे अधिकार वेगवेगळे देता येतात. ‘चित्र विकलं’ असं आपण सहज म्हणतो. खरं तर कागदावरचं मूळ चित्र, ते छापायची परवानगी आणि त्यातलं पात्र इतर वस्तूंवर वापरायची परवानगी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

या तिन्ही एकाच सहीने गेल्या तर काय होतं, याचं सगळ्यात बोचरं उदाहरण सुपरमॅनचं. जेरी सिगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी ते पात्र घडवलं, एकाने लिहून आणि दुसऱ्याने रेखाटून. १९३८ साली त्यांनी १३० डॉलर घेऊन पात्राचे सगळे हक्क प्रकाशकांना लिहून दिले. छापून यावं ही त्यांची तळमळ होती आणि हातात धनादेश होता. पुढे त्या पात्राचं काय झालं ते जगाला माहीत आहे. त्या दोघांची मात्र अनेक वर्षं कोर्टकचेऱ्यांत गेली. वार्षिक मानधन आणि निर्माते म्हणून नाव मिळायला १९७५ साल उजाडलं. त्यांना कुणी बंदूक दाखवली नव्हती. कागदावर ‘सगळे’ असा शब्द होता आणि त्यांनी सही केली, एवढंच घडलं. तुझ्यासमोर असा कागद आला की ‘सगळे हक्क’, ‘कायमचे’, ‘सर्व माध्यमांत’ हे शब्द शोध. ते हवेच असतील, तर आकडाही त्या तोलाचा हवा.

आणखी एक गोष्ट अनेक चित्रकारांना ठाऊक नसते. लेखक-कलावंतांच्या हक्कांविषयीचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय बर्न करार मानणाऱ्या देशांत चित्राला संरक्षण मिळायला नोंदणी लागत नाही, चित्र तयार होताच ते मिळतं. हे ऐकून सगळे निर्धास्त होतात. पण पहिला मालक कोण, हे देशोदेशीच्या कायद्यावर अवलंबून असतं. पगारावर असताना केलेलं काम बहुधा मालकाचं धरतात. काही कायद्यांत पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेल्या चित्राचा हक्कही, वेगळं लिहून ठेवलेलं नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून ‘चित्र माझं, म्हणजे हक्क माझा’ या समजुतीवर विसंबू नकोस. चार ओळी लिहून घेत जा. वकिली भाषा लागत नाही, दोन्ही बाजूंनी मान्य केलेला साधा ईमेलही पुष्कळ आधार देतो.

आता दुरुस्त्या. त्या का संपत नाहीत, हे मला पलीकडच्या बाजूने माहीत आहे. आधी संपादक बघतो, त्याला आवडतं. मग लेखक बघतो. मग विक्री बघणारा माणूस म्हणतो, मुलगी जरा मोठी दाखवा. मग प्रकाशकांच्या घरी कुणीतरी म्हणतं, मांजर निळं का? यात कुणाचा वाईट हेतू नसतो. अंतिम मान्यता कुणाची, हे कुणी ठरवलेलंच नसतं. ते तू पहिल्या दिवशी विचार. मग असं लिहून पाठव: ‘पेन्सिलीच्या कच्च्या रेखाटनांवर दोन वेळा बदल करून देईन. रेखाटनं लेखी मान्य झाल्यावरच रंगकाम सुरू करेन. रंगीत चित्रांवर एकदा किरकोळ बदल मानधनात धरले आहेत. त्यापुढच्या बदलांचं मानधन वेगळं. एक तृतीयांश रक्कम कामाच्या सुरुवातीला, एक तृतीयांश रेखाटनं मान्य झाल्यावर, उरलेली अंतिम फायली देताना. ही चित्रं या पुस्तकाच्या छापील आवृत्तीसाठी आहेत. इतर वापर वेगळा ठरवू.’ बस, एवढंच. यात कुठेही उद्धटपणा नाही. उलट आकडा आणि अटी आधी सांगणारा चित्रकार संपादकाला सोयीचा वाटतो, कारण त्याला स्वतःला वर जाऊन खर्चाची मंजुरी आणायची असते. ‘नंतर बघू’ या शब्दांमागे पुष्कळदा लबाडी नसते, त्याने अजून विचारलेलं नसतं इतकंच. मंजुरी न घेता सुरू झालेल्या कामाला मग उरलंसुरलं मिळतं.

नवी कामं कशी मिळवायची, हे तू विचारलं नाहीस, पण नोकरी सोडायचा प्रश्न त्यालाच बांधलेला आहे. चित्रकार आपली सगळ्यात देखणी दहा चित्रं पाठवतात. ती बघायला छान वाटतात, पण संपादकाची शंका तिथे फिटत नाही. त्याला प्रश्न पडलेला असतो की ही व्यक्ती पूर्ण पुस्तक पेलेल का? मुलांचं चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं, कारण छपाईचे फर्मे, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेले पानांचे संच, ८ किंवा १६ पानांचे असतात. पान ३ वरची मुलगी पान २७ वर पाठमोरी, रडवेली, पावसात भिजलेली असताना तीच वाटते का? मजकुराला जागा सोडली आहे का? दोन पानांच्या मधल्या बांधणीत कुणाचा चेहरा तर अडकत नाही? तुझ्या आवडीची एखादी छोटी गोष्ट स्वतः रच. तिच्या सगळ्या पानांची अंगठ्याएवढी रेखाटनं काढ आणि त्यातली तीन जोडपानं पूर्ण रंगव. हे एक पोर्टफोलिओत असेल, तर दहा सुट्या चित्रांपेक्षा जास्त बोलेल.

दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली हेच केलं, असं मला वाटतं. लंडनहून कॅमेरा आणला होता, पण चित्रपटाला पैसा लावायला कुणी तयार नव्हतं. चित्रपट हा धंदा होऊ शकतो, हे लोकांना पटेना. मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोप कसं वाढतं ते रोज थोडं थोडं टिपलं. बीजातून अंकुर, अंकुरातून वेल, डोळ्यांदेखत. ती छोटी फिल्म पाहून त्यांना कर्ज मिळालं आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. पैसे देणाऱ्याच्या मनातली नेमकी शंका त्यांनी ओळखली आणि तेवढीच फेडणारी वस्तू करून दाखवली. हे करताना त्यांच्यातला कलावंत रजेवर गेला नव्हता. माझ्या मते ती फिल्म हीच एक सुंदर कलाकृती होती. उद्योजकाचं कसब म्हणतात ते यातच असतं, चांगला सूट घालून बोलण्यात नाही.

मित्राचं म्हणणं. ‘बाकीचं मी बघतो’ यातलं ‘बाकीचं’ म्हणजे काय, ते त्याला एका पानावर लिहायला सांग. कामं आणणार का? वसुली करणार का? करार वाचणार का? आजवर कुणाचं असं काम त्याने केलं आहे? नीट उत्तरं आली, तर त्याने आणलेल्या कामांपुरती टक्केवारी दे. तू स्वतः मिळवलेल्या कामांवर त्याचा वाटा नको. मुदत एक वर्षाची ठेव, चित्रांचे हक्क आणि बँक खातं तुझ्याच नावावर. निम्मे-निम्मे ही वाटणी जोखीम आणि भांडवल दोघांचं असेल तेव्हाची. इथे दोन्ही तुझं आहे. हे ऐकून तो रुसला, तर वर्षभराने रुसण्यापेक्षा आत्ताच रुसलेला बरा.

नोकरी आत्ता सोडू नकोस. कला म्हणजे छंद आणि नोकरी म्हणजे खरं आयुष्य, असं मला मुळीच वाटत नाही. पण आज सोडलीस तर तिसऱ्या महिन्यात तू पुन्हा ‘नंतर बघू’ला हो म्हणशील, कारण भाडं थांबत नाही. आधी किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडू दे. वर लिहिल्यासारख्या अटींवर तीन पुस्तकं पूर्ण कर. त्यातला एक तरी प्रकाशक पुन्हा काम घेऊन आला आणि सगळी मिळकत एकाच ठिकाणाहून येत नसेल, तर राजीनाम्याचा विचार कर. शक्य असेल तर मध्ये अर्धवेळ नोकरीचा टप्पा घे. किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही, पण ही चार चिन्हं दिसली की तुला विचारायची गरज पडणार नाही. तोवर चित्रांचं खातं वेगळं उघड आणि प्रत्येक बिलाला क्रमांक दे, कंपनीत देतेस तसाच. नातेवाईक आणि मित्रमैत्रिणींना फुकट चित्र द्यायचं असेल तर जरूर दे, मात्र बिल पूर्ण रकमेचं करून खाली ‘भेट’ असं लिही. आपण काय दिलं, ते त्यांनाही कळेल आणि तुलाही.

राहिल्या त्या वह्या आणि पिशव्या. गेलं ते गेलं म्हणून सोडून देऊ नकोस. आधी जुने ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप काढ. ‘पुस्तकासाठी’ हा शब्द कुठे आला आहे ते शोध आणि त्याच्या प्रती करून ठेव. छापलेल्या वस्तूंचे फोटो काढ, तारखेसह. मग प्रकाशकांना लिही. आरोप करू नकोस आणि माफीही मागू नकोस. असं लिहिता येईल:

‘नमस्कार. आपल्या पुस्तकासाठी मी केलेली चित्रं वह्यांवर आणि पिशव्यांवर छापलेली पाहिली. ती लोकांना आवडत आहेत याचा आनंद आहे. आपलं बोलणं पुस्तकापुरतं झालं होतं, या वस्तूंविषयी काही ठरलं नव्हतं. कोणती चित्रं, किती वस्तूंवर वापरली आणि पुढे किती छापायचा विचार आहे, ते कृपया कळवावं, म्हणजे त्याचं मानधन आणि चित्रकार म्हणून नाव देण्याविषयी ठरवता येईल. पंधरा दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे.’

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर सोळाव्या दिवशी फोन कर. थकबाकीच्या फोनवर वापरतेस तोच आवाज वापर. ‘तेव्हा तसं काही म्हटलं नव्हतं’ असं ऐकायला मिळालं, तर ‘मग आता लिहून ठरवू’ म्हण आणि तारीख घे. टाळाटाळच दिसली, तर जवळचे कागद घेऊन कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाला एकदा भेट. पत्रव्यवहाराच्या प्रती तुझ्याकडे असतील, तर ती भेट लांबणार नाही. काय उत्तर आलं ते मला कळव.

तुझी,
ताई